नेल्सन बंकर हंट घोड्यांच्या पैदाशीत खरोखर यशस्वी झाले होते, की तो केवळ तेलसम्राटाचा छंद होता?

होय, टेक्सासचे तेल व्यावसायिक नेल्सन बंकर हंट (१९२६-२०१४) हे विसाव्या शतकातील थोर अश्वपैदासकारांपैकी एक होते, आणि १९८० साली चांदीच्या व्यवहारात झालेल्या प्रचंड नुकसानीमुळे त्यांची ही ओळख झाकोळली गेली, हे मला अन्यायाचे वाटते. माझ्या मताचा आधार शर्यतींचे निकाल आणि घोड्यांच्या वंशावळी हा आहे. १९६८ सालच्या आर्क द त्रिओंफ या फ्रान्समधील प्रतिष्ठित शर्यतीचा विजेता घोडा ‘व्हेगली नोबल’ याची निम्मी मालकी त्यांनी विकत घेतली आणि पुढे त्याच्यापासून केंटकीतील आपल्या स्टड फार्मवर उत्तम पैदास केली. त्याचीच मुलगी ‘डालिया’ हिने इंग्लंडमधील अ‍ॅस्कटची किंग जॉर्ज शर्यत १९७३ आणि १९७४ अशी सलग दोन वर्षे जिंकली. त्यापूर्वी कोणत्याही घोड्याला ती दोनदा जिंकता आली नव्हती. १९७६ साली तर त्यांनी पैदास केलेल्या ‘एम्परी’ने इंग्लंडची आणि ‘यूथ’ने फ्रान्सची डर्बी जिंकली. अमेरिकेतील सर्वोत्कृष्ट पैदासकाराचा एक्लिप्स पुरस्कार त्यांना तीनदा मिळाला.

मात्र १९७८ साली अमेरिकेतील नामवंत घोडा ‘सिअ‍ॅटल स्ल्यू’ला हरवणारा त्यांचा प्रसिद्ध घोडा ‘एक्सेलर’ व्हेगली नोबलचाच मुलगा असला, तरी त्याची पैदास हंट यांची नव्हती. तो त्यांनी शिंगरू असताना लिलावात घेतला होता. आर्थिक संकटामुळे १९८८ साली त्यांना पाचशेहून अधिक घोडे विकावे लागले.