सीबीनॅटमध्ये (थुंकीतून टीबी शोधणारी मशीनवरची टेस्ट) 'प्रोब' म्हणजे काय, आणि रिफाम्पिसिन (टीबीचं मुख्य औषध) चालणार नाही हे त्यावरून कसं कळतं?

प्रोब म्हणजे डीएनएचा छोटासा तुकडा, समोर बरोबर जोडीचा क्रम आला तरच चिकटणारा आणि चिकटला की चमकणारा. थुंकीतल्या टीबी जंतूचा आरपीओबी नावाचा जीन मशीन आधी पीसीआरने, म्हणजे भरपूर प्रती काढून, वाढवतं, मग त्यातल्या ८१ अक्षरांच्या पट्ट्यावर नेहमीच्या क्रमाला जुळणारे ५ प्रोब बसतात (हे टेस्टच्या जुन्या कार्ट्रिजमध्ये, 'अल्ट्रा' नावाच्या नव्या कार्ट्रिजची पद्धत जरा वेगळी आहे). पाचही नीट चमकले तर टीबी आहे पण रिफाम्पिसिन चालेल, आणि एखादा चमकलाच नाही किंवा फार उशिरा चमकला तर तिथे म्युटेशन (क्रमात बदल) आहे म्हणजे रिफाम्पिसिन बहुतेक चालणार नाही. साधारण २ तासांत रिपोर्ट. फक्त एक, मेलेल्या जंतूचा डीएनएही पकडते ही टेस्ट, म्हणून उपचार चालू असताना बरं झालोय का बघायला ती करून घेऊ नका, उगाच घाबराल.