निर्णय घेतात, देतात, की तो ठरतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कंपनीच्या प्रशिक्षणात सांगितलं की इंग्रज निर्णय ‘मेक’ करतात म्हणजे घडवतात, पोर्तुगीज आणि फ्रेंच तो घेतात, जर्मन तो अचूक टिपतात, आणि यावरून त्या त्या लोकांचा स्वभाव कळतो. हे खरं का? आणि जाता जाता, मराठीत ‘निर्णय केला’ म्हणणं चूक आहे का?

पहिल्या भागाचं उत्तर ‘नाही’ असं आहे. पण ते का नाही, हे सांगायला मला मजा येते, म्हणून जरा लांबड लावतो. मी गोव्यातल्या फोंड्याचा. पोर्तुगीज काळातले दस्त वाचायचे आणि त्यांत काय लिहिलंय ते वारसदारांना मराठीत समजावून सांगायचं, यावर माझं पोट चालतं. अशील कोंकणीत विचारतो, कागद पोर्तुगीजमध्ये असतो, माझं टिपण मराठीत आणि वकिलाचा अर्ज इंग्रजीत. निर्णय नावाची वस्तू या चारही भाषांतून रोज ये-जा करताना दिसते.

मुळात इंग्रजीचंच घ्या. अमेरिकन माणूस ‘मेक अ डिसिजन’ म्हणतो, ब्रिटिश माणूस तेही म्हणतो आणि ‘टेक अ डिसिजन’ही म्हणतो. आपल्याकडची सरकारी इंग्रजी तर ‘टेक’शिवाय पुढेच सरकत नाही. क्रियापदावरून स्वभाव कळत असता, तर एकाच भाषेच्या माणसांचे दोन स्वभाव मानायला हवेत, आणि लंडनचा बाबू वाक्यागणिक स्वभाव बदलतो असं म्हणायला हवं.

दुसरं असं की ही ‘घेणं’वाली क्रियापदं सगळीकडे वेठबिगारासारखी राबतात. पोर्तुगीजमध्ये ‘तोमार’ म्हणजे घेणं. कॉफी तोमार करतात, औषध तोमार करतात, आंघोळसुद्धा तोमारच, आणि निर्णयही. रशियन लोकांचं ‘प्रिन्यात’ तसंच: औषध, शॉवर आणि निर्णय एकाच क्रियापदाने घेतात, वर पाहुण्यांचं स्वागतही त्यानेच. आपण वेगळं काय करतो? चहा घ्या, श्वास घ्या, जबाबदारी घ्या, मनावर घेऊ नका, निर्णय घ्या. यातला ‘घेणं’ इतका झिजलाय की त्यात हाताने काही उचलल्याचा भास उरत नाही. जर्मन ‘ट्रेफेन’चा अर्थ नेम लागणं, भेटणं असा आहे खरा, पण जर्मन माणूस तयारीसुद्धा ‘ट्रेफेन’च करतो. प्रशिक्षणवाल्यांनी ते वाक्य सांगितलं नसणार. हंगेरियन लोक निर्णय आणतात, स्वीडिश लोक तो पकडतात. हिब्रूत तो स्वीकारतात, आणि तिथलं क्रियापद आपल्या ‘कबूल’च्याच धातूचं आहे. यादी कितीही लांबवता येईल, हाती फारसं लागत नाही.

चित्र पाहायचं तर क्रियापदात नको, नामात पाहा. तिथे खरोखर गंमत आहे. इंग्रजी ‘डिसिजन’च्या मागे लॅटिनमधलं ‘कापून टाकणं’ आहे. जर्मन ‘एन्टशायडुंग’च्या पोटात वेगळं करणं आहे. ‘फैसला’ हा अरबी शब्दही वेगळं करण्याचाच. आपल्याकडे याला ‘एक घाव दोन तुकडे’ आहेच, पण मला ‘निवाडा’ जास्त आवडतो. तो निवडण्याच्या कुळातला. सुपात तांदूळ घेऊन खडे निवडणं, पंचांसमोर न्यायनिवाडा होणं आणि पाच वर्षांनी येणारी निवडणूक ही सगळी एका घरची मंडळी. इथे घाव नाही, बसून एकेक खडा बाजूला काढणं आहे. ‘निर्णय’ आणि ‘निकाल’ यांत तिसरंच चित्र: दोन्हींचा मूळ भाव बाहेर काढण्याचा. उत्तर आत कुठेतरी होतं, ते कोणीतरी बाहेर काढलं.

पारंपरिक चिनी लिपीत ठरवण्यासाठी जे अक्षर वापरतात, तेच जपानीतही आहे, आणि त्याच्या डाव्या अंगाला पाण्याची खूण असते. त्याचा जुना अर्थ बांध फुटून पाण्याने वाट काढणं असा. गोव्यात हे समजावून सांगावं लागू नये. खाजन शेतीचा, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतीचा, बांध एकदा फुटला की खारं पाणी कुठे जायचं ते विचारत नाही, आणि भरती उतरली म्हणून शेत पुन्हा पहिल्यासारखं होत नाही. कापण्यापेक्षा हे चित्र मला खरं वाटतं. पुष्कळ निर्णय आपण करत नाही, दाब वाढत वाढत ते होतात.

आता आपल्या सर्वांत साध्या शब्दाकडे येऊ. चार माणसांत बोलताना ‘निर्णय’ फारसा कोणी म्हणत नाही. आपण म्हणतो, ‘ठरलं.’ हिंदीत ठहरना म्हणजे थांबणं. आपल्या ‘ठरणे’च्या तळाशीही स्थिर होणं, टिकणं आहे, रंग ठरत नाही, पैसा हातात ठरत नाही, असं आपण म्हणतोच. कोंकणीत ‘थारप’ म्हणजे थांबणं, राहणं, आणि ‘थारावप’ म्हणजे ठरवणं. विचार भटकत होता, एके ठिकाणी बसला, की ठरलं. अरबीतला ‘करार’ही असाच, त्याच्या धातूत स्थिरावणं आहे. आपल्याकडे तो कागदावरचा करार होऊन आला, हिंदी गाण्यांत ‘बेकरार’ होऊन आला, आणि तुर्की लोकांनी त्याचा अर्थच ‘निर्णय’ केला. मुंबईतल्या माणसाने इस्तंबूलच्या बातम्या ऐकल्या तर सगळे सारखे कसले करार करतायत, असं वाटेल.

‘ठरलं’ची खुबी ही की त्याला कर्ता लागत नाही. ‘ताईचं लग्न ठरलं.’ कोणी ठरवलं? स्थळ आत्याने आणलं, पत्रिका काकांनी पाहिली, ताईने मान डोलावली, वडिलांनी हॉलची तारीख पाहिली. वाक्यात यांतलं कोणीच नाही, आणि कोणाला तसं खटकतही नाही. जपानीत याची हुबेहूब जोडी आहे. तिथे लग्नाची बातमी देताना ‘केक्कोन सुरु कोतो नि नारिमाशिता’ म्हणतात, म्हणजे ‘आम्ही लग्न करायचं असं झालं.’ जोडप्याने स्वतःच ठरवलेलं असलं तरी असंच सांगणं रीतीचं. ‘नारिमाशिता’च्या जागी ‘शिमाशिता’ घातलं की ‘आम्ही तसं केलं’ असं होतं, आणि वाक्यात ठासून सांगितल्याचा सूर येतो. आपल्याकडेही मुलीने घरी येऊन ‘माझं लग्न ठरलं’ म्हणणं आणि ‘मी लग्न ठरवलं’ म्हणणं, यांत घरातली हवा केवढी बदलते ते पाहा.

यात जपानी स्वभाव किंवा मराठी स्वभाव शोधू नका. दोन्ही भाषांत दोन्ही वाक्यं आहेत. बोलणारा त्या क्षणी कुठलं उचलतो आणि कोणाला पडद्याआड ठेवतो, तेवढंच पाहण्यासारखं आहे. भाषेगणिक पाहू नका, प्रसंगागणिक पाहा.

तुर्कीत हे फार स्वच्छ दिसतं. सर्वसाधारण माणूस ‘करार वेरमेक’ म्हणतो, म्हणजे निर्णय देतो. मंडळ, सरकार, संचालकांची सभा ‘करार आल्माक’ करते, म्हणजे निर्णय घेते. आपल्याकडे जवळजवळ उलटं आहे. निर्णय ‘घेणारा’ स्वतःपुरता किंवा आपल्या खात्यापुरता घेतो. निर्णय ‘देतो’ तो न्यायाधीश, पंच, वरचा कोणी, ज्याच्यासमोर आपण उभे असतो. म्हणून शाळेच्या व्यवस्थापनाने ‘निर्णय दिला’ म्हटलं की नुसत्या क्रियापदाने ती शाळा कोर्ट होते.

आणि गोव्यात देणाऱ्यांमध्ये देवही आहे. फोंडा तालुक्यातल्या बऱ्याच देवळांत प्रसाद लावायची रीत आहे. ओल्या पाकळ्या किंवा पानं मूर्तीवर ठरलेल्या जागी चिकटवतात, गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतात आणि उजवीकडची पडते की डावीकडची ते पाहतात. जमीन विकावी का, मुलाला परदेशी पाठवावं का, दोन स्थळांतलं कुठलं करावं. याला कौल म्हणतात. कौल लावतो माणूस, देतो देव, घेतो पुन्हा माणूस. ‘देवाने निर्णय घेतला’ असं मात्र कोणाच्या तोंडून निघणार नाही, कारण देव काही ठरवत बसलेला नाही, विचारलं म्हणून सांगतो. उजवा प्रसाद मिळाल्यावरही जमीन विकायची की नाही हे शेवटी घरीच ठरतं, आणि डावा मिळाला तर महिन्याभराने पुन्हा विचारणारेही मी पाहिलेत. घरावरचं कौल वेगळं. ते नपुंसकलिंगी, हा पुल्लिंगी. हा अरबी ‘कौल’, शब्द किंवा वचन या अर्थाचा, कौलनाम्यातला.

म्हणून 16 जानेवारी 1967 ला जे झालं त्याला आम्ही ‘जनमत कौल’ म्हणतो. इंग्रजीत ते ‘ओपिनियन पोल’, कानाला अगदीच कोरडं. गोवा महाराष्ट्रात जावा की केंद्रशासित राहावा, एवढाच प्रश्न होता. विलीनीकरणाची खूण फूल, केंद्रशासित राहण्याची खूण दोन पानं. देवळातल्या प्रसादात पाकळी आणि पान दोन्ही असतात, हा योगायोग आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या नजरेतून सुटणं शक्य नव्हतं. केंद्रशासित राहण्याच्या बाजूने 1,72,191 मतं पडली, विलीनीकरणाच्या बाजूने 1,38,170. फरक 34,021 चा. कोण बरोबर होतं यावर मराठी घरांत आजही जेवण थंड होतं, त्यात मी शिरत नाही. मला रस आहे तो शब्दात. लोकांनी ‘निर्णय घेतला’ असं बोलताना म्हणत असतील, पण नाव पडलं ते ‘कौल’. आणि कायद्याच्या अंगानेही तेच नेमकं होतं. संसदेने 1966 मध्ये कायदा केला तो लोकांची इच्छा विचारण्याचा. विचारणारी दिल्ली, सांगणारे लोक. देवळात देव ज्या जागी असतो, त्या जागी त्या दिवशी मतदार होता.

माझ्या कागदांकडे वळायचं तर तिथे निर्णयाला आणखी वेगळी रूपं आहेत. पोर्तुगीज नोटरी दस्त ‘लाव्रार’ करतो. त्याच क्रियापदाने शेतकरी शेत नांगरतो. सभेचं इतिवृत्तही नांगरतात. वरच्या न्यायालयाच्या निकालाला ‘आकोर्दांव’ म्हणतात, आणि तो शब्द आला ‘ते सहमत आहेत’ या अर्थाच्या क्रियापदावरून. एकाहून जास्त न्यायाधीश बसत, म्हणून अनेकवचन, आणि ते अनेकवचनच पुढे नाम होऊन बसलं. गावकरीच्या, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या, जुन्या कागदांत ठरावाला ‘नेमो’ म्हटलेलं सापडतं, आपल्या ‘नेम’चं पोर्तुगीज कानाने ऐकलेलं रूप. गावाने एकदा नेम केला की तो सगळ्या गावकारांवर बांधील. यातल्या कशातच एकटा माणूस टेबलाशी बसून निर्णय घेताना दिसत नाही. ते चित्र मला तरी प्रशिक्षणाच्या स्लाइडवरच भेटतं.

पडदा टाकण्यात सर्वांत पटाईत मात्र आपली कचेरीतली मराठी. ‘सदर निर्णय घेण्यात आला आहे.’ कोणी घेतला? ‘घेण्यात आला.’ पाऊस आला तसा आला. ‘ठरलं’मध्ये निदान घरातली माणसं कोण हे सगळ्यांना ठाऊक असतं. इथे कर्ता मुद्दाम काढून ठेवलेला असतो, आणि अपील कोणाकडे करायचं हे विचारत अशील माझ्याकडे येतात.

आता तुमचा दुसरा प्रश्न. ‘निर्णय केला’ चूक नाही, जुनं आहे. शास्त्रीपंडित तिथीचा निर्णय करत, वादाचा निर्णय करत. कमलाकरभट्टांच्या 1612 च्या ‘निर्णयसिंधु’तले निर्णय त्याच जातीचे: एकादशी कुठल्या दिवशी धरायची, हा प्रश्न उकलून दाखवणं. तिथे स्वतःसाठी काही निवडणं नाही, शंका मिटवणं आहे. आज नोकरी सोडण्याबद्दल लिहिताना ‘मी नोकरी सोडण्याचा निर्णय केला’ म्हणालात तर हिंदीतून आल्यासारखं वाटेल. तिथे ‘घेतला’ म्हणा, किंवा सरळ ‘नोकरी सोडायचं ठरवलं’. निश्चय मात्र करतातच, घेत नाहीत. निकाल लागतो. चंग बांधतात, विडा उचलतात. आणि संकल्प, हातावर पाणी घेऊन, सोडतात. ‘निर्णय बनवला’ हे अलीकडे इंग्रजीवरून भाषांतर केलेल्या जाहिरातींत दिसतं, ते तेवढं टाळा.