एआय एजंटकडून अँड्रॉइडवर टॅप-स्वाइप करून घ्यायचंय, नुसता स्क्रीनशॉट दिला तर भागेल का? आणि आयफोनवर चालेल का?

नाही भागत. हे २३ पेट्या हापूस घालवून सांगतोय, त्यामुळे उत्तर लांबलं तर सांभाळून घ्या.

देवगडला आमची थोडी कलमं आहेत. पुण्या-मुंबईची गिऱ्हाइकं व्हॉट्सॲपवर ऑर्डर देतात आणि पार्सलवाल्याचं बुकिंग फक्त मोबाइल ॲपवर होतं, एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामने थेट बुकिंग करायची सोय) वगैरे सोडाच. आदल्या रात्री नाव-पत्ते भरून ठेवायचे, सकाळी एकेक पेटी कन्फर्म करायची. यादीतली पहिली पेटी आपोआप निवडलेली असते, तळाची हिरवी पट्टी उजवीकडे सरकवली की ती बुक होते आणि पुढची वर येते. म्हटलं हे एजंट करेल.

इथे आमचे भावोजी आले. पुण्यात आयटीत आहेत. मी म्हणत होतो यूआय-ऑटोमेटरचा डंप काढू, म्हणजे अँड्रॉइडच्याच साधनाने स्क्रीनवरच्या सगळ्या घटकांची लेखी यादी, त्यात प्रत्येक बटणाची जागा खऱ्या पिक्सेलमध्ये मिळते. ते म्हणाले, "अरे आता मॉडेलला डोळे आलेत, फोटो दे, बोट कुठे लावायचं ते तेच सांगेल, गावात बसून जुनंच धरून बसतोस." जेवताना वाद नको म्हणून ताई मध्ये पडली आणि केलं त्यांच्या पद्धतीने.

फोनचा स्क्रीन १०८० बाय २४०० पिक्सेल. खर्च वाचावा म्हणून भावोजींनी स्क्रीनशॉट निम्मा करून पाठवला, मॉडेलने आकडे त्या निम्म्या फोटोतले दिले आणि ते परत दुप्पट करायचे कोणालाच सुचलं नाही. पट्टी वरून २२०० पिक्सेलवर, एजंट सरकवतोय ११०० वर. तिथे यादीच्या मधली पेटी होती आणि या ॲपमध्ये पेटी उजवीकडे सरकवली की डिलीट! २७ पैकी २३ उडाल्या. शेवटच्या ४ वाचल्या कारण यादी इतकी आखूड झाली की ११०० वर काही उरलंच नाही. एजंटने रिपोर्ट काय द्यावा? "२३ बुक झाल्या, ४ मध्ये अडचण." इतका प्रामाणिक वाटला की मी त्या ४ हाताने केल्या आणि निवांत चहा घेतला.

दुपारी चार वाजता बाबा अंगणातून, "गाडी खंय आसा? तुझो रोबो झोपलो काय रे?" गाडी आली ती ४ पेट्यांपुरती. पेटीत पाच डझन, म्हणजे १,३८० आंबे, अर्धे तयार, थांबणारे नव्हेत. बरेचसे कॅनिंगला घातले, तो भाव विचारू नका. उरलेल्याचं आईने साठं घातलं.

आता माझं असं चालतं. दर वेळी आधी डंप, त्यातून पट्टीच्या कडा, मग एडीबीचं (संगणकावरून फोनला आज्ञा देणारं साधन) इनपुट स्वाइप. त्याला सुरुवात-शेवटच्या जागांचे चार आकडे, पाचवा मिलिसेकंदांचा असतो, तो दिला नाही तर ३०० धरतो आणि अशी पट्टी तेवढ्यात झटकल्यासारखी होऊन मागे येते. मी ९०० देतो. लाँग प्रेस म्हणजे सुरुवात-शेवट एकाच जागी ठेवून १५०० चा स्वाइप. दोन बोटांचा पिंच यातून होत नाही, त्याला ॲपियम हे ॲप-चाचणीचं साधन घ्या. मजकूर भरायची एडीबीची आज्ञा, इनपुट टेक्स्ट, देवनागरी घेत नाही, फोनवर एडीबी-कीबोर्ड नावाचं ॲप टाकावं लागतं. एजंटला फोनशी जोडायला मोबाइल-एमसीपी हा तयार दुवा आहे, तोही आधी स्क्रीनवरच्या घटकांची यादीच बघतो, हे भावोजींना मुद्दाम कळवलंय. आणि काम झालं की नाही हे यादी रिकामी झाली यावरून ठरवू नका, बुकिंग नंबर दिसला तरच झालं.

हां, गेम किंवा नकाशासारख्या स्क्रीनवर डंपमध्ये फारसं काही हाती लागत नाही, तिथे स्क्रीनशॉटच लागतो, एवढं मान्य. पण आकडे मूळ मापात आणून. बँकेच्या ॲपच्या नादी लागू नका, बहुतेक ठिकाणी स्क्रीनशॉट काळाच येतो आणि पैशाचं काम एजंटच्या बोटावर सोडूच नये. ॲपच्या अटीही वाचा, मी नंतर वाचल्या.

आयफोनचं राहिलंच. चालतं, पण मॅक लागतो, फोनवर वेबड्रायव्हर-एजंट (बाहेरून आलेले टॅप-स्वाइप करणारं ॲप) टाकावं लागतं, ते फुकटच्या ॲपल अकाउंटने साइन केलंत, म्हणजे त्यावर ॲपलची डिजिटल सही घेतलीत, तर सात दिवसांनी परत तेच. मी केलेलं नाही. आयफोन भावोजींकडे आहे, पण यंदा ते आंबे न्यायलाच आले नाहीत.