गाडीचं सांगतो, पण आधी ती पॉलिसी बाहेर काढा

मोशीहून एका वाचकांचं पत्र आलंय. वय ४१, चाकणला कंपनीत सुपरवायझर, हातात ७८ हजार येतात, मिसेस घरी ट्युशन घेतात त्याचे दहाएक हजार. मुलगा ९ वर्षांचा, मुलगी ४ वर्षांची, आई सोबत असतात. फ्लॅटचं २९ लाख लोन बाकी, हप्ता २७ हजार. एफडी ४ लाख. कराडजवळ गाव, महिन्यातून एकदा जाणं होतं आणि आईंच्या गुडघ्यांमुळे एसटी आता नको वाटते. प्रश्न असा की शोरूममधली नवी कॉम्पॅक्ट एसयूव्ही ऑन रोड साडेबारा लाखांना घ्यायची, का चुलतभावाच्या मित्राची तीच पाच वर्षं जुनी गाडी पावणेसात लाखांना घ्यायची. आणि शेवटी एक ओळ, "पैशाचं टेन्शन नाही सर, पॉलिसीला पाच वर्षं झालीत, १० लाखाच्या आसपास येतील, ते डाऊन पेमेंटला वापरू."

जुनी घ्या. कंपनीची बस न्यायला-आणायला आहे, म्हणजे गाडी सोमवार ते शुक्रवार पार्किंगमध्ये धूळ खाणार. कराड जाऊन-येऊन साडेतीनशे किलोमीटर, वर रविवारचं इकडे-तिकडे, वर्षाला फार तर ६ हजार किलोमीटर. एवढ्यासाठी साडेबारा लाख गुंतवायचे नसतात.

आता त्या शेवटच्या ओळीकडे येतो, कारण पत्रात मला घाम फुटला तो तिथेच.

बाँडचे, म्हणजे पॉलिसीच्या कागदाचे, फोटो पाठवलेत ते बरं केलंत. तुम्ही लिहिलंय की होमलोन घेताना बँकेतल्या मॅडम म्हणाल्या, पाच वर्षं भरा आणि डबल घ्या. बाँडच्या दुसऱ्या पानावर काय छापलंय ते बघा. प्लॅन एन्डाऊमेंट (विमा आणि बचत एकत्र), वर्षाचा हप्ता ९६ हजार, हप्ते भरायची मुदत १० वर्षं, पॉलिसीची मुदत २० वर्षं, विमा रक्कम १० लाख. पाच वर्षं हा आकडा त्या बाँडवर कुठेच नाही! पाच वर्षांचं लॉक-इन युलिपला, म्हणजे शेअर बाजाराशी जोडलेल्या पॉलिसीला असतं, हे युलिप नाहीये, पण विकणाऱ्याला दोन्हीतलं जे गोड लागेल ते एकत्र सांगायची सवय असते. आणि तुम्हाला "दहा लाख" आठवतात ती विमा रक्कम आहे. ती तुम्ही गेलात तर घरच्यांना मिळते, नाहीतर २०४१ साली मुदत संपल्यावर. आत्ता नाही.

आत्ता सोडली तर काय मिळेल? पाच हप्ते, म्हणजे ४ लाख ८० हजार भरलेत. २०२१ च्या या पॉलिसीला चौथ्या ते सातव्या वर्षात गॅरंटीड सरेंडर म्हणजे भरलेल्याच्या निम्मे, वर बोनसचा थोडा तुकडा. पकडून चाला अडीच ते पावणेतीन लाख. नक्की आकडा विमा कंपनीच्या ब्रँचमधून लेखी मागा, बँकेतून नको, तिथे तुम्हाला चहा देऊन नवीन पॉलिसी गळ्यात मारतील. तर डबल सोडा, निम्म्यावर आलंय. आणि हे डाऊन पेमेंट धरून तुम्ही शोरूममध्ये बुकिंगच्या गोष्टी करत होता.

तक्रार करायची तर आधी विमा कंपनीकडे, मग बीमा भरोसा हे विमा नियामकाचं तक्रार पोर्टल, मग विमा लोकपाल, त्यांचं ऑफिस पुण्यातही आहे, वकील लागत नाही. करा जरूर. पण मॅडमनी "डबल" तोंडी सांगितलं, सही तुमची, बेनिफिट इलस्ट्रेशनवर, म्हणजे पुढे किती मिळेल त्या तक्त्यावर, ४ टक्के आणि ८ टक्के असे दोन रकाने छापलेले, त्यातला ८ चा तेवढा दाखवला गेला. लेखी किंवा व्हॉट्सअॅपवर काही नसेल तर फार आशा धरू नका.

मग पुढे चालू ठेवायची का? अजून पाच हप्ते भरलेत आणि बोनस आत्तासारखा विमा रकमेच्या हजारामागे वर्षाला चाळीस मिळत राहिला असं धरलं तर २०४१ ला १८ लाखांच्या आसपास. ऐकायला बरं वाटतं. पण आज सरेंडरला मिळणारे पैसे आणि पुढचे हप्ते धरून हिशोब केला तर वर्षाला साडेसहा टक्के पडतात, आणि तुमचं स्वतःचं होमलोन साडेआठचं आहे. साडेआठने कर्ज घेऊन साडेसहाला ठेवायचं, असा धंदा कोण करतो? पेड-अप केली, म्हणजे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली, तरी साधारण ७ लाख २०४१ ला. तेच पावणेतीन लाख लोनमध्ये टाकले तर तेवढ्याच वर्षांत नऊ लाखांचं काम करतात. तेव्हा सोडा.

पण थांबा, उद्याच नको. याहून मोठा खड्डा वेगळाच आहे आणि त्याबद्दल तुम्ही एक शब्द लिहिलेला नाही. तुम्हाला काही झालं तर घरात येणार १० लाख, कंपनीचं ग्रुप कव्हर असेल तर ते थोडं, तेही नोकरी आहे तोवर. लोन बाकी २९ लाख. म्हणजे विमा लोनच्या तिसऱ्या हिश्शापुरता, आणि दोन मुलं, आई, ट्युशनचे दहा हजार. वर्षाला ९६ हजार भरून तुम्ही हे घेतलंय! दीड कोटीची टर्म, म्हणजे नुसता मृत्यूचा विमा, घ्या, वयाच्या साठीपर्यंत. लोन फेडून उरलेले सव्वा कोटीच्या आतले पैसे बँकेत ठेवले तरी महिना साठ-पासष्ट हजार व्याज येतं, त्यात घर चालतं. हप्ता तुमच्या वयाला साधारण पंचवीस-तीस हजार, आणि सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक विम्यावरचा जीएसटीही गेलाय. तंबाखू, मावा, मशेरी काहीही असेल तर फॉर्मवर लिहा, हप्ता वाढू दे, लपवलं तर क्लेमच्या वेळी मिसेसना कागद घेऊन फिरावं लागेल. मेडिकल होऊन टर्मचा बाँड हातात पडला की मगच जुनी पॉलिसी सरेंडर करायची, आधी नाही. आईंचा मेडिक्लेमही कंपनीचाच ३ लाखांचा दिसतो, त्यावर एक वेगळा फॅमिली फ्लोटर, म्हणजे घरातल्या सगळ्यांचा मिळून एक मेडिक्लेम, या वर्षीच बघा.

आता गाडी. नवी घेतली तर ३ लाख भरून साडेनऊ लाख लोन, ९ टक्क्यांनी सात वर्षं, हप्ता १५,३०० च्या आसपास, नुसतं व्याजच सव्वातीन लाखांच्या वर. होमलोन, पॉलिसी, गाडी मिळून महिना ५० हजार, पगार ७८. तुमचं ठरवा. सेल्समन जीएसटी कमी झालाय म्हणून घाई करतोय, पण मोठा फायदा १२०० सीसीपर्यंतच्या आणि चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाड्यांना झालाय, त्या १८ टक्क्यांत आल्या. तुमची दीड लिटरची, ती ४० मध्ये आहे, आधी ४५ होती. त्या फरकासाठी एवढं उडायचं कारण नाही.

जुनीचे पावणेसात जास्त सांगतोय. विम्याच्या कोष्टकात पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्मी धरतात, बाजारात मारुतीसारख्यांना त्याहून बरी मिळते हे मान्य, तरी सहा लाखांच्या वर जाऊ नका, ओळखीतलं आहे म्हणून तर अजिबात नाही. सरेंडरचे अडीच, एफडीतला एक, बाकी अडीच लाख तीन वर्षांच्या लोनवर, जुन्या गाडीला व्याज साडेबाराच्या आसपास लागतं, हप्ता ८,४०० च्या आसपास. पॉलिसीचा हप्ता महिन्याला आठ हजारच पडत होता ना, तो इकडे वळला. टर्मचे अडीच हजार तेवढे नवे. एफडीत तीन लाख राहतात, त्याला हात लावायचा नाही. टायर, बॅटरी, क्लच यासाठी पहिल्या वर्षात चाळीसेक हजार जातील हे धरून भाव करा.

आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ आधी, पैसे नंतर. थकलेली ई-चलनं त्याच्याकडून भरून घ्या. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीच्या नंबरवरून हिस्टरी काढा, अपघात आणि मीटर दोन्हीचा अंदाज येतो. नावावर झाली की १४ दिवसांत विमा ट्रान्सफरला टाका, त्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नसतो, तेव्हा "बोनस आहे" म्हणून भाव वाढवू देऊ नका. स्टॅम्प पेपरवर करू, नावाचं नंतर बघू, असं म्हणाला तर तिथूनच परत या.

पॉलिसीचा पुढचा हप्ता मार्चमध्ये खात्यातून आपोआप जाणार आहे. टर्मचा फॉर्म या आठवड्यात भरलात तर त्याआधी बाँड येईल, मग नेट बँकिंगमधून तो मँडेट, म्हणजे आपोआप हप्ता कापायची परवानगी, बंद करा. उशीर झालाच तर हप्त्याला एक महिन्याचा ग्रेस आहे, तोवर ९६ हजार घाईने भरू नका.