नवीन बसवलेले गेट व्हॉल्व्ह वर्षभरातच पास का होतात? बसवताना काही चुकतं का?

तुम्ही लिहिलंय की पाण्याच्या लाइनवर बदललेल्या चार व्हॉल्व्हपैकी तीन पूर्ण बंद करूनही पास होतायत (म्हणजे पाणी पुढे जाऊ देतायत), चौथ्याची ग्लँड (हँडव्हीलच्या दांड्याभोवतीचा गळती अडवणारा भाग) गळतेय आणि सगळे जण ‘मालच खराब’ म्हणून मोकळे झालेत. माल खराब निघतोही कधी कधी. पण देखभालीच्या कामात मी जे व्हॉल्व्ह उघडून पाहिले, त्यातल्या बहुतेकांचं नुकसान बसवतानाच झालेलं होतं.

सगळ्यात मोठा शत्रू कचरा. वेल्डिंगचा स्लॅग, ग्राइंडिंगचा कीस, इलेक्ट्रोडची थोटकं, एकदा तर हात पुसायचं अख्खं फडकं निघालं होतं. गेट व्हॉल्व्हच्या तळाशी दोन सीटच्या (वेज जिथे टेकते त्या कड्यांच्या) मध्ये खाच असते, हे सगळं तिथे जाऊन बसतं. मग वेज, म्हणजे वर-खाली होऊन पाणी अडवणारी पाचरीसारखी झडप, पूर्ण खाली जात नाही. मग ऑपरेटर हँडव्हीलला पाइप लावून जोर काढतो, आणि तो कचरा सीटमध्ये रुततो. एकदा सीटला खड्डा पडला की कितीही आवळा, पाणी जाणारच. म्हणून व्हॉल्व्हच्या तोंडावरची प्लॅस्टिकची टोपणं अगदी बसवायच्या क्षणापर्यंत काढायची नाहीत, आणि लाइन फ्लश करताना (पाण्याच्या जोराने आतून धुताना) व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवायचा. कंट्रोल व्हॉल्व्ह (प्रवाह आपोआप कमी-जास्त करणारा) असेल तर तो काढून त्या जागी तेवढ्याच लांबीचा पाइपचा तुकडा लावायचा आणि मगच फ्लशिंग.

दुसरं कारण पाइपची ओढाताण. दोन फ्लँज (टोकाच्या, बोल्टने जोडायच्या चकत्या) समोरासमोर येत नाहीत, मग चेन ब्लॉक लावून पाइप खेचतात आणि बोल्ट आवळून टाकतात. वरून सगळं छान दिसतं. अशा एका जोडाचे बोल्ट शटडाऊनमध्ये सोडवले तेव्हा पाइप जवळजवळ वीतभर बाजूला उसळला होता, हात वाचला ते नशीब. तो सगळा ताण इतके दिवस व्हॉल्व्हची बॉडी सोसत होती. ती किंचित जरी वाकली तरी वेज आणि सीट एकमेकांना नीट भिडत नाहीत. माझी कसोटी सोपी आहे: बोल्ट बोटांनी ढकलून आरपार गेला पाहिजे. जात नसेल तर आधी पाइपचे सपोर्ट सुधारा. आवळतानाही एका कडेने सुरुवात करू नका. आठ बोल्ट असतील तर १-५-३-७, मग २-६-४-८, असं समोरासमोर. आधी तिसरा हिस्सा जोर, मग दोन तृतीयांश, मग पूर्ण, आणि शेवटी एक गोल फेरी.

आता एक आडवा प्रश्न. हे व्हॉल्व्ह तुमच्याकडे अर्धवट उघडे ठेवून प्रवाह कमी-जास्त करतात का? गेट व्हॉल्व्ह एकतर पूर्ण उघडा, नाहीतर पूर्ण बंद. अर्धवट ठेवला की वेजखालच्या चंद्रकोरीएवढ्या फटीतून पाणी वेगाने घुसतं, वेज थरथरते आणि सीट कापली जाते. प्रवाहावर ताबा हवा असेल तिथे ग्लोब व्हॉल्व्ह लावा, आणि त्याच्या बॉडीवरचा बाण बघून लावा. तो उलटा बसवलेला मी किती वेळा पाहिलाय, मोजणं सोडून दिलं.

ग्लँडचं काम त्यामानाने किरकोळ. पॅकिंगच्या (गळती रोखणाऱ्या दोरीच्या) रिंगा स्पिंडलच्या, म्हणजे हँडव्हीलच्या दांड्याच्या, मापाच्या दांड्यावर गुंडाळून ४५ अंशांत तिरप्या कापायच्या. एकेक रिंग वेगळी दाबून बसवायची आणि सांधे एकावर एक येऊ द्यायचे नाहीत. ग्लँडचे दोन्ही नट सारखे आवळायचे, थोडे थोडे. गळती दिसली की जीव खाऊन आवळणारे स्पिंडल जाम करून ठेवतात. आणि जे व्हॉल्व्ह महिनोन्महिने कोणी हलवत नाही, ते तीन-चार महिन्यांतून एकदा पूर्ण फिरवून घ्या. पूर्ण उघडल्यावर हँडव्हील थोडं मागे घ्यायचं, म्हणजे अडकत नाही.

जाता जाता, व्हॉल्व्हचा दाबाचा वर्ग ‘क्लास १५०’ असेल तर त्याचा अर्थ १५० पीएसआय (दाबाचं एकक) नव्हे. नेहमीच्या कार्बन स्टीलच्या (डब्ल्यूसीबी) फ्लँज्ड व्हॉल्व्हला ३८ अंश सेल्सिअसला १९.६ बार चालतात, पण २०० अंशांना फक्त १३.८. पाण्याला चाललेला व्हॉल्व्ह वाफेला आहे तसा उचलून लावण्याआधी हा तक्ता बघाच.

तुमच्यासाठी पहिलं काम: पास होणाऱ्यांपैकी एक उघडा. त्याआधी लाइन दोन्हीकडून बंद करून कुलूप आणि टॅग लावा, दाब काढा, ड्रेन उघडून खरंच रिकामी झाली का ते पाहा. बॉनेटचे (व्हॉल्व्हच्या वरच्या झाकणाचे) किंवा फ्लँजचे बोल्ट सोडवताना आपल्यापासून लांबचा आधी ढिला करा, म्हणजे आत काही उरलं असेल तर तोंडावर येणार नाही. मग सीट पुसून बघा. खड्डे आणि ओरखडे असतील तर कारण कचरा. खालच्या बाजूला पाण्याने कापल्यासारखे गुळगुळीत चर असतील तर अर्धवट उघडा ठेवल्याचा परिणाम. सीट धडधाकट असेल तर पाइपची ओढ तपासा. फोटो टाकलात तर मीही बघतो.