लेकीला न्यायाधीश व्हायचंय, पण बातम्या वाचून धीर होत नाही

प्रश्न : मुलगी बीएसएल एलएलबीच्या चौथ्या वर्षाला आहे. तिला जेएमएफसीची, म्हणजे प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी पदाची परीक्षा द्यायची आहे. साताऱ्याच्या न्यायाधीशांचं लाच प्रकरण, मग दिल्लीत उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या बंगल्याला आग लागल्यावर सापडलेल्या जळक्या नोटा. पाहुणे म्हणतात, पोरीला यात घालू नका. आमचाच वाटपाचा दावा तालुका कोर्टात चौदा वर्षं नुसत्या तारखा खातोय. प्रामाणिक मुलीचा तिथे निभाव लागेल का?
– एक पालक, कराड तालुका

सप्रेम नमस्कार.

साताऱ्याची बातमी शेवटपर्यंत वाचा. डिसेंबर २०२४ मध्ये जामिनासाठी ५ लाख मागितल्याचा गुन्हा लाचलुचपत विभागानं जिल्हा न्यायाधीशांवर नोंदवला, इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पुढच्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयानं त्यांना बडतर्फ केलं, हे पाहुण्यांनी सांगितलं नसेल. राज्यघटनेच्या कलम २३५ नुसार खालच्या न्यायालयांवर उच्च न्यायालयाचं नियंत्रण असतं. तुमची मुलगी ज्या खुर्चीत बसेल, तिला जाब विचारणारं कुणीतरी आहे.

वरच्या खुर्च्यांचं तसं नाही, आणि त्याची मला मनापासून चीड आहे. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाला काढायचं तर लोकसभेच्या १०० किंवा राज्यसभेच्या ५० खासदारांच्या सह्या, तिघांच्या समितीची चौकशी, मग दोन्ही सभागृहांत मतदान करणाऱ्यांचं दोन तृतीयांश आणि शिवाय एकूण सदस्यांपैकी निम्म्याहून अधिकांचं बहुमत. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्या. व्ही. रामस्वामी यांना चौकशी समितीनं दोषी धरलं होतं. लोकसभेत ठरावाच्या बाजूनं १९६ मतं पडली, विरोधात एकही नाही. पण २०५ खासदार तटस्थ बसले आणि ठराव पडला. २०११ मध्ये कोलकात्याच्या न्या. सौमित्र सेन यांच्याविरुद्ध राज्यसभेनं ठराव मंजूर केला, तर लोकसभेची पाळी येण्याआधीच त्यांनी राजीनामा दिला. दिल्लीच्या प्रकरणात आग लागली मार्च २०२५ मध्ये आणि लोकसभा अध्यक्षांनी समिती नेमली ऑगस्टमध्ये. न्यायसंस्थेचं स्वातंत्र्य जपायला ही वाट अवघड ठेवली, हे मला पटतं. पण इतकी अवघड, की दोषी धरलेला माणूसही सुटावा? तुमच्या मुलीच्या पिढीनं हे बदलायला हवं, आणि त्यासाठी तिच्यासारखी माणसं आत असायला हवीत.

आता तयारीचं. २० मे २०२५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं या परीक्षेसाठी ३ वर्षांची वकिली पुन्हा सक्तीची केली. ही वर्षं क्लासच्या नोट्सपेक्षा मोलाची आहेत. सीनिअर पारखून निवडा. पक्षकाराला ‘साहेबांशी आपलं बोलणं आहे’ असं सांगणारा वकील कितीही नावाजलेला असो, त्याच्याकडे तिला एक दिवसही पाठवू नका. तालुका कोर्टात ती रोजनामा, म्हणजे दर तारखेला काय झालं त्याची नोंद, वाचायला शिकेल, तारीख कशी आणि कुणामुळे पडते ते बघेल. चहापाण्याचे शंभर रुपये कुणाच्या हातातून कुणाच्या हातात जातात, तेही दिसेल. उद्या स्वतःच्या कोर्टात हेच तिला थांबवायचं आहे.

माझी एक विद्यार्थिनी अशीच एका तालुक्याला रुजू झाली. पहिल्याच उन्हाळ्यात क्वार्टरच्या दारात आंब्याच्या दोन पेट्या, चिठ्ठी नाही, नाव नाही. तिनं पट्टेवाल्याला बोलावलं, कुणी ठेवल्या ते शोधायला लावून पेट्या परत पाठवल्या आणि त्याच दुपारी प्रधान जिल्हा न्यायाधीशांना लेखी कळवलं. पुन्हा पेटी आली नाही. पण त्या दिवशी तिची सासू दोन तास रुसून बसली होती, ‘आंबेच तर होते’ म्हणून.

म्हणून थोडं तुमच्याशीही बोलतो. वरिष्ठ न्यायाधीशांनी १९९७ मध्ये स्वतःसाठी आचाराचे नियम लिहिले. त्यात नातलग-मित्र सोडून कुणाकडून भेटवस्तू घ्यायची नाही, असं आहे. वकिली करणाऱ्या नातलगाला न्यायाधीशाचं घर त्या कामासाठी वापरू द्यायचं नाही, असंही आहे. तुमच्या मुलीला पहिला फोन दलालाचा येणार नाही. तो मामाचा येईल, ‘ताईला जरा सांगा ना’ म्हणून, आणि तो तुमच्या मोबाइलवर येईल. तेव्हा तुम्ही काय बोलाल, हे आज ठरवा.

तुमच्या वाटपाच्या दाव्यात तिचा स्वतःचा हिस्सा असू शकतो, म्हणून ती वकील झाल्यावरही तिला त्यात वकीलपत्र घालू देऊ नका. ते कागद दुसऱ्या वकिलाकडेच राहू द्या, आणि नेमणुकीचा आदेश हातात पडला की त्या दाव्याची पुढची तारीखसुद्धा तिला विचारू नका.