इंग्लिश बोलताना अडतं म्हणून भाषाविज्ञान सोडून देऊ का?

प्रश्न: सर, मी सायकॉलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे, पुढे भाषाविज्ञानात एमए करायचंय. इंग्लिश पेपर वाचून कळतात पण प्रेझेंटेशनला उभी राहिले की आधी मराठी वाक्य येतं, मग मनात भाषांतर, तोवर पुढचा मुद्दाच विसरते. आई म्हणते आता भाषा शिकायचं वय गेलं. माझा मेंदूच स्लो असेल तर ही लाइन घेऊ का?

उत्तर: अगं, आधी ते 'मेंदू स्लो' डोक्यातून काढून टाक. वाचून कळणं आणि बोलणं ही दोन वेगळी कामं आहेत. वाचताना शब्द आयता समोर असतो, तुला तो फक्त ओळखायचाय, एखादा निसटला तरी मागच्यापुढच्यावरून अर्थ लागतो. बोलताना तोच शब्द तुला स्वतःला शोधून काढावा लागतो. भाषेचे मानसशास्त्रज्ञ लेव्हेल्ट यांनी 1989 साली बोलण्याचं जे मॉडेल मांडलं त्यात आधी काय सांगायचं ते ठरतं, मग शब्द आणि वाक्याची जुळणी होते, मग उच्चार, आणि नेहमीच्या बोलण्यात हे सगळं सेकंदाला दोन-तीन शब्द या स्पीडने चालू असतं. मातृभाषेत मधली जुळणी आपोआप होते, दुसऱ्या भाषेत तिथे मुद्दाम लक्ष घालावं लागतं, आणि लक्ष काही अमर्याद नसतं ना, म्हणून मुद्दा सुटतो. त्यात मराठीत 'मी हा प्रयोग...' म्हणून सुरुवात केली तरी पुढे 'केला' म्हणायचं की 'वाचला' हे ठरवायला वेळ मिळतो, इंग्लिशमध्ये कर्ता बोलून झाला की क्रियापद लगेच लागतं, तेही काळासकट.

भाषांतराचं म्हणशील तर क्रोल आणि स्ट्यूअर्ट या संशोधकांनी 1994 मध्ये हेच मांडलं, की सुरुवातीला दुसऱ्या भाषेतला शब्द पहिल्या भाषेतल्या शब्दामार्फत अर्थाला जोडलेला असतो आणि सराव वाढला की थेट जोडला जातो. म्हणजे ही एक स्टेज आहे. पण पहिली भाषा पूर्ण बंद कधीच होत नाही. 1999 मधला स्पायव्ही आणि मारियन यांचा प्रयोग बघ, रशियन-इंग्लिश येणाऱ्यांना रशियनमध्ये 'मार्का' म्हणजे स्टॅम्प उचलून ठेवायला सांगितलं तर त्यांची नजर टेबलावरच्या मार्कर पेनाकडेही जात होती! सूचना रशियन, पण इंग्लिश नावही डोक्यात जागं.

आईला सांग, 2018 चा साडेसहा लाखांहून जास्त लोकांच्या डेटावरचा एक अभ्यास आहे, त्यात व्याकरण शिकण्याची क्षमता साधारण 17 व्या वर्षानंतर उतरते असं दिसलं. म्हणजे त्या अगदीच चूक नाहीत, पण उतरते म्हणजे संपते असं नाही, आणि तुझा प्रॉब्लेम व्याकरणाचा नाहीच, स्पीडचा आहे.

त्यासाठी अजून एक ग्रामरचा क्लास लावू नकोस, प्लीज. एकच विषय घे, चार मिनिटं बोल, मग तोच तीन मिनिटांत, मग दोन मिनिटांत, दर वेळी शक्यतो वेगळ्या माणसासमोर. मजकूर तोच असल्यामुळे विचार करायचं ओझं कमी होतं आणि शब्द पटपट येतात. पाठांतर मात्र नको, मधलं एक वाक्य विसरलं की सगळंच जातं.

आता करिअर. सायकॉलॉजी अधिक भाषाविज्ञान म्हणजे मनोभाषाविज्ञान, आणि तुला जे होतंय तोच तिथला अभ्यासाचा विषय आहे, आय-ट्रॅकिंग (नजर कुठे जाते ते टिपणं), ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरी मोजणं), प्रतिसादाला किती मिलिसेकंद लागले वगैरे. माझ्या मते इथे मुलांना इंग्लिश बोलण्यापेक्षा स्टॅटिस्टिक्स आणि थोडंफार कोडिंग जास्त जड जातं, तेव्हा त्याची तयारी आत्ताच सुरू कर. निव्वळ रिसर्चच्या जागा कमी असतात हे स्पष्टच सांगतो, पण भाषा-चाचण्या तयार करणं, भाषा शिकवण्याचं साहित्य, स्पीच टेक्नॉलॉजी ही कामंही आहेत. स्पीच थेरपी डोक्यात असेल तर ती लाइन वेगळी, तिची स्वतंत्र डिग्री लागते, भाषाविज्ञानाच्या एमएवर ती होत नाही.

फॉर्म भर. भरण्याआधी प्रत्येक ठिकाणचा सिलॅबस उघडून प्रयोगाचे पेपर आहेत की नुसतीच थिअरी ते बघ, आणि डेझर्टेशन कोणत्या विषयांवर होतात ते तिथल्या सीनियर्सना विचार.